नकाशा भिंतीवर, गाव वाऱ्यावर

जुन्या नकाशांवर व्याख्यान ठेवायचं, पन्नास-साठ रसिकांनी जमायचं, पडद्यावर रंगीत चित्रं बघायची, "वा, काय काम आहे!" म्हणायचं आणि चहा घेऊन घरी जायचं. हा प्रकार आता आपल्याकडेही रुळला आहे. मुंबई-पुण्याकडे जास्त, आमच्या नगरकडे कमी. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर झालं आहे. बोलताना माझ्या तोंडी अजून नगरच येतं.) निवृत्तीनंतर अशा पाच-सहा कार्यक्रमांना मी हौसेनं जाऊन आले. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली मास्तरीण, आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे नकाशा म्हटलं की पाय आपोआप वळतात. पण या सगळ्या कार्यक्रमांनंतर माझं मत स्पष्ट झालं आहे आणि ते आज मांडणार आहे. कुणाला झोंबलं तर इलाज नाही.

माझं म्हणणं असं, की हे कार्यक्रम आपल्याला नकाशा बघायला शिकवतात, वाचायला शिकवत नाहीत. आणि न वाचलेला नकाशा म्हणजे नुसतं कॅलेंडरवरचं चित्र.

हे कार्यक्रम कसे चालतात ते सांगते. सुरुवात बहुधा टॉलेमीपासून. त्याच्या नकाशात भारताचं द्वीपकल्प जवळजवळ गायब आणि श्रीलंका मात्र भलीमोठी, हे बघून सभागृहात हशा पिकतो. मग पोर्तुगीज, डच, समुद्रातली गलबतं, शेपट्या वळवणारे जलचर. मग येतो जेम्स रेनेल आणि त्याचा १७८२ चा हिंदुस्थानचा नकाशा. त्याच्या कोपऱ्यात एक सजावटीचं चित्र आहे. ब्रिटानिया देवी उभी आहे आणि आपले ब्राह्मण पंडित तिच्या हाती शास्त्रांच्या पोथ्या सोपवताहेत. मी हे चित्र दोन वेगवेगळ्या व्याख्यानांत पाहिलं. दोन्हीकडे वक्त्यांनी रेषांची नजाकत सांगितली, कागद कुठला ते सांगितलं, छपाई कशी होती ते सांगितलं. पण या चित्राचा अर्थ काय, असा प्रश्न एकाही ठिकाणी निघाला नाही. अहो, संपूर्ण नकाशाची किल्ली तिथंच आहे ना! "तुमचं ज्ञान आता आमच्या ताब्यात, आणि तुम्ही ते राजीखुशीनं दिलंत", असं तो नकाशा उघडउघड सांगतो आहे. ते न वाचता आपण त्याच्या फुलापानांचं कौतुक करतो.

आणि व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांतून पहिला प्रश्न कुठला येतो, माहिती आहे? "आज याची किंमत किती असेल?" मी गेले त्या प्रत्येक कार्यक्रमात हाच पहिला प्रश्न होता. माझ्या वर्गात पोरं असं विचारायची ती शिवाजी महाराजांच्या तलवारीबद्दल. तेव्हा ती सातवीत होती.

किंमतीच्या या वेडापायी काय होतं ते जगानं पाहिलं आहे. २००५ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात फोर्ब्ज स्माइली नावाचा नकाशांचा एक प्रतिष्ठित व्यापारी पकडला गेला. जुन्या पुस्तकांतून नकाशे कापून नेत होता. पुढे त्यानं ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. नकाशांच्या जगात चांगली ऊठबस असलेला माणूस हा! जुना अॅटलास फोडून त्याची पानं सुटी सुटी विकणं हा तर कायदेशीर धंदाच आहे. ग्रंथ अखंड ठेवला तर एक गिऱ्हाईक, फोडला तर पन्नास. ज्या भिंतीवर तो सुटा नकाशा लागतो, तिथं तो सुंदर दिसतो यात शंका नाही. पण त्याच्या आधीचं पान आणि नंतरचं पान कुठं गेलं?

कुणी म्हणेल, बाई, परदेशात हे सगळं फार चांगलं चालतं. मान्य आहे. लंडनमध्ये नकाशा-संग्राहकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९८० पासून आहे. तिथल्याच वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये 'नकाशे आणि समाज' अशा विषयावर १९९१ पासून व्याख्यानमाला सुरू झाली. नाव बघा, नकाशे आणि समाज! नकाशा कुणी काढला, कुणाच्या पैशानं, कशासाठी, त्यात कोण आलं आणि कोण राहिलं, अशी चर्चा त्या नावातच आहे. आपल्या देशातल्या नकाशांवर सुसान गोल यांनी आयुष्य घालवलं. १९८९ साली त्यांचं भारतीय नकाशे आणि आराखड्यांवरचं पुस्तक आलं. भारतीयांना नकाशे काढता येतच नव्हते, ही समजूत त्यानं मोडीत काढली. म्हणजे परदेशात नकाशा वाचण्याची परंपरा आहेच. आपण तिथून आणलं काय? तर व्याख्यानाचा थाट, वाइनच्या जागी चहा, आणि इंग्रजी. वाचण्याची खोड तेवढी बोटीतच राहिली.

आता आपल्या घरात या.

लॅम्बटनचं नाव या कार्यक्रमांत हटकून निघतं. १८०२ साली मद्रासेहून त्यानं त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तीच पुढं हिमालयापर्यंत गेली. मोठं काम, वादच नाही. हा माणूस १८२३ साली आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. पण त्याच्यासोबत साखळ्या ओढणारे, ते अवजड यंत्र डोंगरावर वाहून नेणारे, तापानं मेलेले खलाशी कोण होते? त्यांच्या कबरी कुठं आहेत? एकाही व्याख्यानात मी हा प्रश्न ऐकला नाही. उलट रेनेलनं तरी प्रामाणिकपणा दाखवला. गुजरातचा नकाशा सदानंद नावाच्या ब्राह्मणानं काढला होता, हे त्यानं स्वतःच्या ग्रंथात नाव घेऊन नोंदवलं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला जे सुचलं ते आजच्या मराठी व्याख्यात्याला सुचू नये?

पण मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ज्या जुन्या नकाशावर आपल्या जिल्ह्यातल्या लाखो माणसांचं रोजचं जगणं अवलंबून आहे, त्यावर मी आजवर एकही व्याख्यान ऐकलेलं नाही. तो म्हणजे गावनकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात बस्त्यात बांधलेला, घडीवर फाटलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

याची कूळकथा लंडनच्या कुठल्याही नकाशाइतकी रसाळ आहे. पेशवाई बुडाल्यावर कंपनीला शेतसारा हवा होता. प्रिंगल नावाच्या साहेबानं आधी एक मोजणी केली, ती पार फसली. सारा झेपेना म्हणून लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली. १८४७ मध्ये तिचे नियम पक्के झाले आणि ती दख्खनभर पसरली, आपल्या जिल्ह्यातही आली. मोजायला असायची शंकू साखळी. लांबी ३३ फूट, तिचे सोळा भाग, एकेक भाग म्हणजे एक आणा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला एक गुंठा! असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज प्लॉटचा सौदा करताना आपण गुंठा गुंठा म्हणतो, तेव्हा आपण ती दोनशे वर्षांपूर्वीची साखळीच ओढत असतो. नकाशा काढायचा एका इंचाला वीस साखळ्या या मापानं, म्हणजे मैलाला आठ इंच. इतक्या मोठ्या मापात ओढा, विहीर, बांध, पायवाट सगळं येतं. रेनेलच्या नकाशात आमचा अख्खा नेवासा तालुका नखाखाली झाकला जाईल. गावनकाशात तुमच्या आजोबांची विहीर सापडते.

आणि हा नकाशाही डोळे उघडे ठेवून वाचावा लागतो बरं का. त्यात शेतं मोजली आहेत, पण गावठाण नुसतंच एक कोरं ठिगळ आहे. घरं, गल्ल्या, वाडे, काही नाही. का? कारण गावठाणावर शेतसारा नव्हता. जिथं सारा तिथं साखळी! पैसा निघतो तेवढंच मोजायचं, बाकीचं सोडून द्यायचं. ते ठिगळ भरायला आपल्याला ड्रोन यावे लागले. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली तेव्हा कुठं देशभरातल्या गावठाणांतली घरं पद्धतशीर नकाशावर येऊ लागली. सरकार बदललं, झेंडा बदलला, तरी ते कोरं ठिगळ पाऊणशे वर्षं तसंच राहिलं.

आणखी एक गोष्ट. साहेबाला गावाची शिव कुणी दाखवली? त्याच्या साखळीला ती ठाऊक नव्हती. ती गावच्या महाराला ठाऊक होती. शिवेची राखण आणि शिवेच्या वादात साक्ष देणं हे त्याचं वतनी काम होतं. कुठला दगड खरा, कुठला रातोरात सरकवलेला, हे त्याच्या तोंडी असायचं. ज्याला गावात घर बांधायची मुभा नव्हती, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरत होती! तो पुढं चालला, मागून साखळी आली आणि नकाशावर सही झाली साहेबाची. हाडकी, हाडवळा अशा शेतांच्या नावांत तो इतिहास अजून जागा आहे. नकाशांच्या इतिहासाचं व्याख्यान करायचं तर हे करा की! यासाठी लंडनहून स्लाइड मागवाव्या लागत नाहीत.

हे सगळं मी नुसत्या पुस्तकी हौसेनं बोलत नाही. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथं एका वस्तीवरून सात-आठ मुली चालत यायच्या. वस्ती ते गाव अशी जुनी पाणंद होती. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी नांगराचं एकेक तास आत घेत बांध कोरला आणि पाणंदीची झाली पायवाट. पुढं एकानं काटेरी फास टाकून तीही बंद केली. मुलींना ओढ्यातून फिरून यावं लागे, पावसाळ्यात तेही नाही. वस्तीवरच्या लोकांनी अर्ज केला. गावनकाशाची नक्कलही मिळाली. पण पारावर ती नक्कल पसरली तेव्हा ती सुलटी कुठली आणि उलटी कुठली, इथपासून वाद! नकाशावर दोन समांतर तुटक रेषा स्पष्ट होत्या. त्या काय सांगतात हे गावात एकालाही माहिती नव्हतं. "ती फक्त खूण आहे" असं ठणकावून सांगणारा मात्र होता, आणि त्याचं चाललं. पुढं बऱ्याच महिन्यांनी एका निवृत्त भूकरमापकांनी ती नक्कल पाहिली. दहा मिनिटांत सांगितलं, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते साडेएकवीस फूट. साडेसोळा म्हणजे बरोब्बर अर्धी साखळी. तिथून प्रकरणाला दिशा मिळाली. रस्ता खुला व्हायला तरीही दोन वर्षं गेली. तोवर त्यातल्या दोघींची शाळा सुटली होती. एकीचं लग्न उरकलं होतं. वर्गातली हुशार पोर होती.

आता मला सांगा, जुन्या नकाशांचे जाणकार कुणाला म्हणायचं? पडद्यावर जलचर दाखवणाऱ्यांना, की त्या दहा मिनिटांच्या माणसाला?

शेतरस्त्यांचे असे वाद जिल्ह्यात गावोगाव आहेत. तहसीलदारांपुढे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली नाहीतर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली सुनावण्या चालतात. २०२५ मध्ये शासनानं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घेण्याचा निर्णय केला, चांगलं झालं. गावनकाशे संगणकावरही आले. पण पडद्यावर आलेली रेघ वाचायची कुणी? आपल्या शाळांत नकाशा म्हणजे नकाशाभरण, चार-पाच गुणांचा प्रश्न. मी स्वतः वर्षानुवर्षं तो करून घेतला. ब्राझीलच्या नद्या अचूक भरणाऱ्या मुलाला स्वतःच्या शिवारातला ओढा कागदावर दाखवता येत नाही. त्यात भर म्हणून नकाशा म्हणजे काहीतरी गुप्त, लष्करी, परवानगीचं, असा धाक देशानं दशकानुदशकं घातला. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नियम सैल केले तेव्हा कुठं तो धाक कमी होऊ लागला.

माझ्या या बोलण्यावर तीन आक्षेप येतात, ते आधीच निकाली काढते.

पहिला आक्षेप, "बाई, कला कला म्हणून बघू द्या की." बघा ना. मी कुठं डोळे झाकते आहे? पण ज्ञानेश्वरी नुसती अक्षर वळणदार म्हणून बघणाऱ्याला आपण रसिक म्हणतो का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "गावात नकाशे वाचायला शिकवाल तर भांडणं वाढतील." हे मला एका शिकलेल्या गृहस्थांनी सांगितलं. अहो, भांडणं आहेतच. आज ती ज्याच्या अंगात जोर आणि खिशात पैसा त्याच्या बाजूनं सुटतात. दोन्ही बाजूंना कागद वाचता आला तर निदान भांडण बरोबरीचं होईल. "बायका शिकल्या तर घरं मोडतील" म्हणणारेही असेच शांतताप्रेमी होते.

तिसरा आक्षेप माझा मलाच आहे. जुना नकाशा म्हणजे वेदवाक्य नव्हे. हल्ली गावाच्या, शहराच्या नावावरून वाद झाला की दोन्हीकडचे लोक जुने नकाशे मोबाइलवर नाचवतात. नकाशात काय छापलंय एवढ्यावर न्याय होत नसतो. तो कुणी, कधी, कशासाठी काढला हे विचारावं लागतं. गावनकाशाही सरकारनं साऱ्यासाठी काढलेला आहे, त्यात चुकाही असतात. म्हणूनच तर वाचायला शिका म्हणते. अडाण्याच्या हातात नकाशा दिला की त्याचा एक तर देव्हारा होतो, नाहीतर दांडका.

शिवाय काही गावं अशी आहेत की ती आता फक्त नकाशातच उरली आहेत. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. पुढं मुळा धरण झालं. जायकवाडीचं १९७६ मध्ये उद्घाटन झालं आणि नाथसागराच्या फुगवट्यात शेवगाव, नेवासा तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी, वाड्या, गावठाणं गेली. ती माणसं उठून गेली, नव्या जागी रुजली किंवा रुजली नाहीत. त्यांच्या नातवंडांना आपलं मूळ शिवार दाखवायचं तर एकच जागा आहे, जुना गावनकाशा. त्यातली काही नावं, टिपणं मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा कागद विरला तर ते गाव दुसऱ्यांदा बुडालं समजा. याच्यापेक्षा दुर्मीळ नकाशा जगातल्या कुठल्या लिलावात मिळणार आहे?

म्हणून माझं मागणं साधं आहे. नकाशांची व्याख्यानं जरूर ठेवा, पण ती मराठीत ठेवा आणि तालुक्याला ठेवा. पाथर्डीला ठेवा, जामखेडला ठेवा, अकोल्याला ठेवा. अकोले कॉलेजची पोरं येतील, शेतकरी येतील, बायका येतील. एका वेळी एकच गावनकाशा घ्या, त्याच गावचा. भिंतीवर मोठा करून लावा आणि तासभर फक्त तो वाचा. वक्ता म्हणून निवृत्त भूकरमापकांना बोलवा, त्यांना हार घाला. शेजारी मोडी जाणणारा बसवा. गावातल्या म्हाताऱ्यांना शेतांची नावं विचारा आणि ती लिहून घ्या. मग शेवटच्या अर्ध्या तासात दाखवा तुमचा टॉलेमी आणि रेनेल. लोक आनंदानं बघतील, आणि तेव्हा त्यांना त्या ब्रिटानियाच्या हातातल्या पोथ्यांचा अर्थ कुणी सांगावा लागणार नाही.

संग्राहकांनाही एक सांगणं. तुमच्या घरी हजारो रुपयांच्या चौकटीत एक डच नकाशा आहे ना? मग तेवढ्याच खर्चात तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या फाटक्या गावनकाशाची नीट डागडुजी होऊ शकेल का, ते रीतसर परवानगीनं विचारून बघा. त्यावर तुमचं नाव नाही लागणार. त्या साखळीवाल्यांचं तरी कुठं लागलं होतं?

आणि तुम्ही, वाचकहो. हे वाचून "छान लिहिलंय" म्हणून पुढं जाऊ नका. येत्या सुट्टीत गावी गेलात की गावनकाशाची एक नक्कल काढा. अर्ज करायचा, फी भरायची, एवढंच काम आहे. घरी आणून ओट्यावर पसरा. आधी उत्तर शोधा, मग ओढा शोधा, मग आपलं शेत. घरातल्या लहान पोराला सोबत बसवा आणि बोट धरून एखादी तुटक रेघ त्याला शेवटपर्यंत न्यायला लावा. ती कुठं जाऊन थांबते ते बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन व्हायच्या आत तेवढंच अंतर त्याला चालवत घेऊन जा.